लाइनचे त्रेचाळीस अर्थ

“यातला तुझा कोनता?”

भन्ते नंदियांनी विचारलं आणि वही उत्पलाला परत दिली.

उत्पलाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. तिने वही पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

“माझा म्हणजे? सगळेच माझे आहेत, भन्ते. एका शब्दाचे त्रेचाळीस अर्थ. पाठ आहेत. मधूनच विचारा, उलटे विचारा.”

“लाइन,” भन्ते म्हणाले.

“हो. लाइन.”

“त्रेचाळीस.”

“हो.”

“बापा...” भन्ते म्हणाले आणि गप्प बसले.

हे ‘बापा’ कौतुकाचं की कसलं, ते उत्पलाला कळेना. पुण्यात तीन वर्षं काढून आलेल्या मुलीला गप्प बसलेला माणूस समोर आला की फार त्रास होतो. तिकडे सगळे सतत बोलत असतात. तिने वही उघडली आणि न विचारता म्हणून दाखवायला सुरुवात केली. रांग. रेघ. गळाची दोरी. नटाचं पाठ केलेलं वाक्य. कपाळावरची आठी. लढाईतली आघाडी. घराण्याचा वंश. कोटाला अस्तर लावणं...

भन्ते ऐकत होते. एकविसाव्या अर्थाला त्यांनी डोळे मिटले. त्रेचाळिसाव्याला उघडले.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “यातला तुझा कोनता?”

आता ही उत्पला मेश्राम कोण आणि तिला काय हवं होतं, ते सांगितलं पाहिजे. पिंपळटोला हे चुलबंद नदीच्या काठचं धानाचं गाव. तिथल्या विहारात भन्ते नंदिय अकरा वर्षं राहत होते. भिक्खूचं चीवर घेण्याआधी ते विजेच्या खात्यात लाइनमन होते, बावीस वर्षं. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी खांबावरच ठेवली. आता डाव्या हाताने लिहीत. दुपारी दोन वाजता, बायांची शेतावरची पहिली पाळी संपून चुली पेटायच्या आत, ते त्यांना इंग्रजी शिकवत. रोज एक शब्द. एवढाच वर्ग.

पावसाळ्यातला वर्षावास संपला की भन्ते दूरच्या एका विहारात राहायला जाणार होते. वर्ग कोणाला तरी सोपवायचा होता. विहार समितीने ठराव लिहून ठेवला होता, फक्त नावाची जागा मोकळी होती, आणि भन्ते म्हणतील ते नाव त्यात बसायचं होतं.

उत्पलाला तो वर्ग हवा होता. हवा म्हणजे जिवापासून हवा होता. तिने पुण्याची नोकरी सोडली होती, खोली सोडली होती, आणि आईला सांगून टाकलं होतं की आता इथेच. वर्ग मिळाला नाही तर पेटी उचलून परत जायचं आणि लोकांचे फॉर्म संगणकात भरत बसायचं, एवढंच हातात उरत होतं.

म्हणून ती त्रेचाळीस अर्थ घेऊन आली होती. उगाच नाही.

“माझा कोणता, हे मला कळत नाही,” ती शेवटी म्हणाली. आवाज जरा चढला होता. “शब्द काय कोणाच्या मालकीचे असतात?”

भन्ते उठले आणि तिला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले.

विहाराच्या तीन भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. चौथीला अकरा वर्षांत चुना लागला नव्हता. तिच्यावर गेरूने शब्द लिहिलेले होते, ठळक, देवनागरीत आणि इंग्रजीत. प्रत्येक शब्दाखाली वेगवेगळ्या हातांच्या ओळी. काही अक्षरं सरळ, काही कलंडलेली. इथली पद्धत अशी की अर्थ फळ्यावर उतरवून घ्यायचा नाही. जिच्या अंगावरून तो अर्थ गेला असेल, तिने तो सांगायचा आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहायचा. खाली नाव.

उत्पलाने ‘लाइन’ शोधला आणि वाचू लागली.

लाइन – राशनची. कुंदा शेंडे.

लाइन – धान रोवण्याची दोरी. कृषीवाला साहेब घेऊन येते, धरते मात्र मीच. देवका.

लाइन – हातावरची. खोटी हाय. सिंधू बोरकर.

लाइन – माझ्या पोरीवर मारते तो. मी त्याले ओळखतो. यशोदा.

लाइन – मी तोडली. पार्बता रामटेके.

लाइन – मी तोडली. पार्बता रामटेके.

सगळ्यात वर डाव्या हाताचं अक्षर होतं. लाइन – बंद आहे, असं मला खालून सांगितलं होतं. नंदिय.

उत्पलाची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली आणि तिने ती पटकन काढून घेतली.

“आठ दिवस वर्ग घे,” भन्ते म्हणाले. “मग पाहू.”

उत्पलाने वर्ग घेतला, आणि खरं सांगायचं तर फार चांगला घेतला. तिला शिकवता येत होतं. रोवणीने वाकलेल्या पाठी भिंतीला टेकवून बाया बसत आणि ती त्यांना हसवत हसवत शिकवी. दुसऱ्या दिवशी वच्छलाने तिला मॅडम म्हटलं, चिडवायलाच म्हटलं, पण नाव चिकटलं. सिंधूने घरचे चिवड्याचे पोहे आणले. भन्ते मागे आपल्या आसनावर बसून ऐकत. मधे बोलत नसत.

एकच गोष्ट तिला खात होती. ती भिंत.

बाया घरी जाताना भिंतीवरचं वाचत जात, आणि त्यांतलं निम्मं चूक होतं. करंटला इंग्रजीत लाइन म्हणत नाहीत. ‘मी तोडली’ हा तर अर्थच नव्हे, ते वाक्य झालं. उद्या यांतली एखादी बाई कचेरीत गेली, पोरीच्या कॉलेजात गेली आणि हेच बोलली तर?

त्या ‘तर’चं उत्तर उत्पलाला ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने बादलीत चुना कालवला. ओल्या फडक्याने वच्छलाची ओळ पुसली, पार्बताबाईची पुसली, आणि वरून कुंचला फिरवला. बाकी कशालाही हात लावला नाही. लहानसा पांढरा पट्टा उरला. काम नीट झालं म्हणून ती समाधानाने घरी गेली आणि पोटभर जेवली.

सातव्या दिवशी बाया आल्या.

आधी कुंदाने पाहिलं. मग सगळ्यांनी.

वच्छला तेवढी उठली. तिने कोपऱ्यातली गेरूची वाटी घेतली, पट्ट्याच्या खालच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलं – करंट – आणि हात पदराला पुसत म्हणाली, “मॅडम, माझ्या घरी लाइन गेली का मी लाइन गेली असंच म्हनतो. तुमच्या घरी काय म्हनते?”

दोघीचौघी हसल्या. उत्पलाही हसायला गेली, पण तेवढ्यात तिला पार्बताबाई दिसली.

पार्बताबाई सत्तरीला टेकलेली. साठाव्या वर्षी ती या वर्गात आली आणि इथेच पहिल्यांदा लिहायला शिकली. ती भिंतीकडे पाहत नव्हती. तिने आपली पाटी पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली.

“आजी, कुठे निघाल्या? वर्ग सुरू होतोय.”

पार्बताबाईने वळून पाहिलं नाही. चपला घातल्या आणि गेली.

वर्ग कसाबसा पार पडला. बाया गेल्यावर उत्पला भन्त्यांपुढे येऊन बसली. ती माफी मागायला आली नव्हती. भांडायला आली होती.

“काय चुकलं माझं?”

भन्त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

“चूक होतं ते मी पुसलं. चूक शिकू द्यायची का त्यांना? तुम्हाला बरं वाटत असेल, गावात आपलं आपण काहीही लिहावं. बाहेर काय होतं, ते तुम्ही बघितलेलं नाही.”

“नाई पाह्यलं,” भन्ते म्हणाले. “सांग.”

उत्पलाला ते सांगायचं नव्हतं. आईलाही तिने सांगितलं नव्हतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली की माणूस नको ते बोलून जातो, तसं झालं.

पुण्यातली पहिली मुलाखत. मोठी कंपनी. टेबलापलीकडे तिघे. त्यांनी विचारलं, अर्ज उशिरा का पाठवला. तिने इंग्रजीतच सांगितलं, गावी होते आणि दोन दिवस लाइन गेली होती. तिघांतला एक म्हणाला, कुठली लाइन? दुसरा म्हणाला, कुठे गेली? तिसऱ्याने विचारलं, मग परत आली का ती? आणि तिघे हसले. वाईट हसले असंही नाही. मजेत हसले.

“मग?” भन्त्यांनी विचारलं.

“मग काय?”

“तू काय केलं?”



“मीही हसले,” ती म्हणाली. “त्यांच्याबरोबर. मोठ्याने. आजवर मला त्यांच्या हसण्याचा राग येतो, पण माझ्या हसण्याची लाज वाटते. त्या दिवशी मी ठरवलं, या एका शब्दाचे जगात असतील तेवढे अर्थ पाठ करीन. पुन्हा कोणी हसणार नाही. मला नाही, आणि माझ्या गावच्या बायांनाही नाही. म्हणून पुसलं. त्यात माझा काय स्वार्थ होता?”

“काईच नाई,” भन्ते म्हणाले.

“मग?”

“पार्बताबाईच्या घरी जा.”

“जाऊन काय करू?”

भन्त्यांनी आपलं पांघरलेलं चीवर सारखं केलं आणि डोळे मिटून घेतले. असल्या वेळी त्यांना हलवून जागं करावं, असं उत्पलाच्या मनात आलं. पण ते भन्ते होते, म्हणून ती उठली.

पार्बताबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. उत्पला समोर येऊन उभी राहिली तरी सूप थांबलं नाही.

“आजी, माझी चूक झाली. तुम्ही ते पुन्हा लिहा.”

“नाई लिवत.”

“का?”

“एकदा लिवलं. लिवाले साठ वर्स लागले. आता पुन्यांदा नाई.”

“मग मी लिहून देते. तुमच्याच अक्षरासारखं काढीन. खाली तुमचं नाव.”

सूप थांबलं. पार्बताबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तू? तुझं हाय का ते?”

उत्पलाने पदर नसल्यामुळे ओढणीच बोटाला गुंडाळली आणि खाली ओट्याच्या कडेला बसली. जाववत नव्हतं, बसवत नव्हतं.

मग पार्बताबाई बोलू लागली. तिच्याशी नव्हे, सुपातल्या तांदळाशी बोलावं तशी.

“मी नवी नवरी होती. गावात पयली बोरिंग झाली, सरकारची. सगळं गाव पान्यासाठी गुंड-घागरी घेऊन धावलं. एक मानूस होता, शर्टप्यांटवाला, कोनाचा कोन मालूम नाई. त्यानं हात केला आनि मले म्हनलं, तुमची लाइन तिकडं. मी म्हनलं, लाइन म्हंजे काय जी? तर त्यानं दाखोलं. इकडं त्यायच्या बाया उभ्या, तिकडं आमच्या. त्यायचं सरलं का मग आमचं.”

तिने सुपातला एक खडा काढून दूर फेकला.

“इंग्रजीतला मले तो पयला शब्द भेटला. कोनी शाळेत शिकते, मी बोरिंगवर शिकलो.”

“मग?”

“मग मी त्यायच्या लाइनीत जाऊन उभी रायली. त्यायनं माझं गुंड फेकलं. पोचा पडला त्याले. सासूनं मारलं, का कायले गेली होती. दुसऱ्या दिवशी तेच पोचेलं गुंड घेऊन उभी रायली. पुन्हा फेकलं. चौथ्या दिवशी माझ्या मांगं आमच्या तिघी उभ्या. आठ दिवसांत एकच लाइन झाली, बाई. जो आला, तो मांगं लागला.”

“हे भिंतीवर...”

“हे कायले लिवाचं? लिवलं तेवढं पुरे होतं.”

पार्बताबाईने सूप पुन्हा हलवायला घेतलं. तांदूळ वर उडत होते आणि नेमके खाली पडत होते. आता तिला बोलायचं नव्हतं, हे उत्पलाला कळलं. ती उठून निघाली. त्या वेळी तिला स्वतःचा इतका राग आला होता की वाटेत भेटलेल्या सख्ख्या मामीलाही ती ओळख न देता पुढे गेली.

आठवा दिवस उजाडला. उत्पला दीडलाच विहारात आली. भन्ते एकटे होते.

“त्या लिहिणार नाहीत,” ती म्हणाली.

“बरं.”

“मलाही लिहू देत नाहीत.”

“बरं.”

“मग त्या जागेचं काय करू?”

“तू काऊन करते काई?” भन्ते म्हणाले. त्यांनी गेरूची वाटी उचलली आणि तिच्यापुढे धरली. “तुझं लिव.”

उत्पलाने वही उघडली नाही. ती पिशवीतच राहिली. तिने काडी गेरूत बुडवली आणि वच्छलाच्या ओळीच्या खाली, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, लिहिलं –

लाइन – करंट. पुण्यात हसले. मीही हसले. आता हसणार नाही. उत्पला मेश्राम.

अक्षर वाकडं आलं. ती मागे सरकून पाहू लागली. त्रेचाळीसांत हा अर्थ नव्हता.

दोन वाजता बाया आल्या. एकेकीने वाचलं. वच्छला म्हणाली, “मॅडम, तुमच्या घरी बी लाइनच जाते म्हनजे.” कुंदाने कोणते लोक हसले ते विचारलं, आणि त्यांची नावं कळली असती तर त्यांचं काय केलं असतं, तेही सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि मग पार्बताबाई आली. कोणाशी बोलली नाही. आपल्या रोजच्या जागेवर बसली, पाटी काढली आणि मांडीवर ठेवली. पट्ट्याचा वरचा अर्धा भाग तिच्या डोक्याच्या बरोबर मागे होता, पांढरा, रिकामा. तिने मान वळवली नाही.

उत्पलाने त्या दिवशीचा शब्द उच्चारायला तोंड उघडलं, तोच दारात सचिव उभे राहिले.

सचिव खोब्रागडे म्हणजे विहार समितीचे सचिव. निवृत्त ग्रामसेवक. मनाने वाईट नाहीत, पण जे दिसेल ते नीटनेटकं हवं, असा माणूस. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्यात लांब दांड्याचा कुंचला, आणि शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद. रविवारी विहारातल्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते.

“चालू द्या, चालू द्या,” ते म्हणाले. “मी फक्त ही भिंत मारून घेतो. अकरा वर्सं मी म्हनतो हाय, भन्ते ऐकत नव्हते. आता मॅडमनंच सुरुवात करून देली, बरं झालं. पुढचं मी करतो.”

उत्पलाने भन्त्यांकडे पाहिलं. भन्ते आज आपल्या आसनावर नव्हते. मागच्या चटईवर, बायांच्या ओळीच्या शेवटी मांडीवर पाटी घेऊन बसले होते आणि समोर पाहत होते. तिच्याकडे नव्हे. फळ्याकडे.

सचिवांनी कुंचला बादलीत बुडवला.

“नाही,” उत्पला म्हणाली.

“काय नाही?”

“चुना लावायचा नाही.”

सचिव हसले. “पोरी, तूच तर लावला.”

“हो. मी लावला. मी चुकले. मला तो हक्क नव्हता. तुम्हालाही नाही.”

सचिवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण ते शहाणे होते. त्यांनी आवाज खाली आणला.

“बरं, राहिलं. ज्याच्यावर लिहिलेलं हाय, त्याले हात लावत नाई. पन हा मधला पट्टा तरी सारखा करू दे. फोटोत ठिगळ दिसन. वरच्या अर्ध्यात तर काईच लिहिलेलं नाई.”

“लिहिलेलं आहे.”

सचिवांनी चष्मा सारखा केला आणि पार्बताबाईच्या डोक्यावरून वाकून पाहिलं. पांढरा चुना होता. नखभरही गेरू नव्हता.

“काय लिहिलं हाय?”

“ते माझं नाही,” उत्पला म्हणाली. “म्हणून मी वाचून दाखवणार नाही. पण तिथे लिहिलेलं आहे, आणि त्याच्यावर काही मारायचं नाही.”

सचिवांनी कुंचला खाली ठेवला. शर्टाच्या खिशावर हात ठेवला, अगदी सहज ठेवला.

“ठराव हाय इथं,” ते म्हणाले. “संध्याकाळी सह्या होतील. नावाची जागा मोकळी हाय अजून. जरा विचार करून बोल, माय.”

उत्पलाने विचार केला. पुण्याची खोली डोळ्यांपुढे आली, तिथली खुर्ची आली, आईचा चेहरा आला. हे सगळं कबूल करायला हवं, कारण ती काही न घाबरणारी मुलगी नव्हती. तिला भीती वाटत होती आणि ती जागची हलत नव्हती.

“मोकळी राहू द्या,” ती म्हणाली. “नका घालू माझं नाव. पन त्या भिंतीले चुना नाई लागत.”

तीन वर्षं पुण्यात घासूनपुसून काढलेली तिची भाषा त्या एका वाक्यात पार घरी आली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सचिव भिंतीकडे आणखी एक पाऊल पुढे सरकले. कुंचला घ्यायला की नुसतेच, ते कोणाला कळलं नाही. तेवढ्यात पार्बताबाई बोलली. मान वर न करता, पाटीवर काहीतरी गिरवत.

“सचिव, माझ्या पाटीवर सावली पडून रायली. बाजूले व्हा.”

सचिव बाजूला झाले. होऊन गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. वच्छलाने तोंडावर पदर घेतला. कुंदा सरकून भिंतीला अगदी टेकून बसली, तिच्या शेजारी सिंधू, तिच्या शेजारी देवका. बघता बघता भिंतीच्या खालच्या भागात फक्त पाठी दिसू लागल्या.

सचिवांचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. स्वच्छ भिंत मागितली होती, दुसरं काय. ते मागे वळले आणि चटईवर बसलेल्या भन्त्यांपुढे हात जोडून उभे राहिले.

“भन्ते, आता तुमीच सांगा. हे असं चालते का? ठरावात कोनाचं नाव घालू? आनि या भिंतीचं काय करू?”



भन्ते नंदियांनी मांडीवरची पाटी सरळ केली, डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि सचिवांच्या बाजूने मान काढून फळ्याकडे पाहिलं.

“मले कायले विचारता?” ते म्हणाले. “वर्ग तिचा हाय.”